इंटरप्टचा तंटा : दोषी ड्रायव्हर कसा शोधावा

नेटवर्क कार्ड, डिस्क, कीबोर्ड किंवा साउंड कार्ड यांना प्रोसेसरकडून काही हवे असले की ते हार्डवेअर इंटरप्ट पाठवतात. प्रोसेसर हातातले काम थांबवतो, ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल त्या इंटरप्टच्या क्रमांकावर नोंदवलेला हँडलर चालवतो, हँडलर उपकरणाची विचारपूस करतो आणि थांबलेले काम पुढे सुरू होते. या क्रमांकाला आयआरक्यू म्हणतात. एकाच आयआरक्यूवर दोन उपकरणे आली आणि त्यांच्या ड्रायव्हरांना तो क्रमांक नीट वाटून घेता आला नाही, तर तंटा उभा राहतो.

या तंट्याची रूपे चार. दुसऱ्या ड्रायव्हरला नोंदणीच नाकारली जाते. लाइनवर इंटरप्टचा पूर येतो आणि कर्नल ती लाइन बंद करतो. इंटरप्ट अधूनमधून हरवतात. किंवा उपकरण एका लाइनवर हाक मारते आणि कर्नल दुसरीकडेच कान देऊन बसलेला असतो. चौघांच्या खुणा वेगळ्या आहेत, म्हणून आधी रूप ओळखावे आणि मग उपायाला हात घालावा. पुढचा तपशील मुख्यतः पीसीवरच्या लिनक्सचा आहे. आज्ञांची आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

या तपासात वेळ सर्वांत जास्त जातो तो एका गृहीतकापायी. जे उपकरण बंद पडले तेच बिघडले, असे मानले जाते. मग नेटवर्क कार्ड बदलले जाते, त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, केबल बदलल्या जातात आणि दोन दिवसांनी तेच कार्ड पुन्हा मुके होते. सामायिक लाइनवर बंद पडणारे उपकरण बहुधा बळी असते. चूक त्याच लाइनवरच्या दुसऱ्या कुणाची तरी असते. पुढची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे.

लाइनी इतक्या कमी का पडल्या

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८२५९ए ही एक इंटरप्ट कंट्रोलर चिप होती आणि तिला आठ लाइनी होत्या. १९८४ च्या पीसी एटीमध्ये दुसरी चिप आली, पण ती पहिलीच्या दोन क्रमांकाच्या लाइनवर जोडलेली असल्याने वापरायला पंधराच उरल्या. त्यांतही टायमर ०, कीबोर्ड १, फ्लॉपी ६, घड्याळ ८, गणिती प्रोसेसर १३ आणि डिस्का १४ व १५ अशा जागा ठरून गेलेल्या. सीरियल पोर्टांपैकी पहिला आणि तिसरा दोन्ही ४ वर, दुसरा आणि चौथा दोन्ही ३ वर. त्यामुळे मोडेम जोडला की माउस अडखळणे हा त्या काळचा नेहमीचा अनुभव होता. आयएसए कार्डावरचे जंपर हाताने बदलून क्रमांक ठरवावा लागे, आणि ही बस एज-ट्रिगर्ड, म्हणजे सिग्नल बदलतो त्या क्षणाची दखल घेणारी, असल्याने एक लाइन दोघांनी वाटून घेणे जवळजवळ अशक्य होते.

१९९२ मध्ये आलेल्या पीसीआय बसने हे चित्र बदलले. तिच्या लाइनी लेव्हल-ट्रिगर्ड आहेत. उपकरण सिग्नल खाली ओढून धरते आणि त्याचे काम होईपर्यंत सोडत नाही, त्यामुळे अनेक उपकरणांना एक लाइन वापरता येते. प्रत्येक पीसीआय उपकरणाला आयएनटी-ए ते आयएनटी-डी अशा चार पिन असू शकतात, पण बहुतेक कार्डे फक्त ए वापरतात. म्हणून मदरबोर्डवर दर स्लॉटला या पिना एकेक घर सरकवून जोडलेल्या असतात. इंटेलच्या चिपसेटमध्ये अशा आठ लाइनी आयओ-एपिक या नव्या कंट्रोलरच्या १६ ते २३ या क्रमांकांवर येतात. लिनक्सच्या तक्रारींत '१६' आणि '१७' हे आकडे सारखे दिसतात त्याचे कारण हेच: गर्दी तिथेच आहे.

पीसीआयच्या २.२ आवृत्तीत एमएसआय आणि ३.० मध्ये एमएसआय-एक्स आले. यात वेगळी तारच नसते. उपकरण मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर एक लहानसा संदेश लिहिते आणि तोच इंटरप्ट ठरतो. एमएसआयमध्ये एका उपकरणाला ३२ पर्यंत आणि एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत वेगळे इंटरप्ट मिळू शकतात, वाटणीचा प्रश्नच उरत नाही. मग तंटे अजून का होतात? चिपसेटमधले एसएमबस कंट्रोलर आणि जुन्या पिढीचे यूएसबी कंट्रोलर अजून जुन्या लाइनींवर आहेत. काही उपकरणांचा एमएसआय सदोष असल्याने ड्रायव्हर तो मुद्दाम वापरत नाहीत. प्रयोगशाळांतली आणि कारखान्यांतली महागडी पीसीआय कार्डे ब्रिज लावून नव्या मदरबोर्डवर चालवली जातात. आणि पीसीआय एक्सप्रेसने तारा काढून टाकल्या तरी जुन्या इंटरप्टची नक्कल ठेवली आहे: 'लाइन ओढली' आणि 'लाइन सोडली' असे दोन संदेश. यातला दुसरा हरवला तर काय होते, ते पुढे येईलच.

वाटणी कशी चालते

चाळीच्या दारावर एकच घंटा असावी आणि ती ज्याच्यासाठी वाजते त्याने दार उघडेपर्यंत वाजतच राहावी, तशी लेव्हल-ट्रिगर्ड सामायिक लाइन असते. घंटा कोणासाठी आहे हे कर्नलला ठाऊक नसते. तो त्या लाइनवर नोंदवलेले सगळे हँडलर एकामागून एक चालवतो. प्रत्येक हँडलरने आपल्या उपकरणाचे स्टेटस रजिस्टर वाचून ठरवायचे की हाक आपल्या उपकरणाची आहे का. असेल तर काम करून 'आयआरक्यू_हँडल्ड' आणि नसेल तर 'आयआरक्यू_नन' असे उत्तर परत द्यायचे. या व्यवस्थेला तीन गोष्टी लागतात: सगळ्या ड्रायव्हरांनी नोंदणी करताना वाटणीला संमती द्यावी, प्रत्येक हँडलरने खरे उत्तर द्यावे, आणि लाइन ओढू शकणाऱ्या प्रत्येक उपकरणामागे कोणीतरी ड्रायव्हर असावा किंवा ते उपकरण गप्प केलेले असावे. तिसरी अट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि तंटे सर्वाधिक तिथेच होतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. यादीत दोन उपकरणे एकाच आयआरक्यूवर दिसणे हा दोष नाही. ती पीसीआयची नेहमीची स्थिती आहे. तसे दिसताच बायोसमध्ये शिरून क्रमांक बदलत बसणे म्हणजे लक्षण नसताना औषध घेणे. वाटणी मोडल्याचा पुरावा लॉगमध्ये किंवा आकड्यांत मिळाला तरच पुढे जावे.

पहिली पाहणी

सुरुवात '/प्रॉक/इंटरप्ट्स' या फायलीपासून करावी. तिच्यातली एक नमुन्याची ओळ अशी दिसते:

१६:   ८१२४०३   ०   ०   ०   आयओ-एपिक   १६-फास्टईओआय   ईएचसीआय_एचसीडी:यूएसबी१, आय८०१_एसएमबस

पहिला आकडा लिनक्सने दिलेला आयआरक्यू क्रमांक. पुढचे चार आकडे चार प्रोसेसर कोअरांवर आतापर्यंत आलेल्या इंटरप्टची मोजदाद. मग कंट्रोलरचे नाव. त्यापुढे कंट्रोलरच्या दृष्टीने असलेला प्रत्यक्ष क्रमांक आणि हाताळणीचा प्रकार; 'फास्टईओआय' दिसले तर पीसीवर ती साधारणपणे लेव्हल लाइन असते, 'एज' दिसले तर एज. शेवटी स्वल्पविरामाने तोडलेली हँडलरांची नावे. एमएसआय वापरणाऱ्या उपकरणांच्या ओळीत कंट्रोलरच्या जागी 'पीसीआय-एमएसआय' असते आणि अशा ओळीवर एकच नाव असते.

एकदा वाचून काही कळत नाही. आकडे वाढतात कसे ते पाहावे लागते. 'वॉच' ही आज्ञा दर सेकंदाला फाइल दाखवण्यासाठी आणि बदललेले आकडे ठळक करण्यासाठी वापरावी. उपकरण कामाला लावावे, उदाहरणार्थ मोठी फाइल कॉपी करावी, आणि ओळीकडे लक्ष ठेवावे. उपकरण कामात असूनही आकडा हलत नसेल तर इंटरप्ट पोचतच नाही, म्हणजे मार्ग चुकला आहे. उपकरण निवांत असताना आकडा सेकंदाला हजारोंनी वाढत असेल तर तो पूर आहे. आकडा वाढतो, पण काम मधूनच थबकते आणि काही सेकंदांनी पुन्हा सुरू होते, तर इंटरप्ट हरवत असण्याची शक्यता धरावी. 'टॉप' या आज्ञेतला 'एचआय' हा रकाना हार्डवेअर इंटरप्टमध्ये गेलेला वेळ दाखवतो. एखाद्या कोअरवर तो सतत चढलेला दिसला तर पुराच्या शंकेला बळ मिळते.

मग 'डीमेसेज'ने कर्नलचा लॉग वाचावा. बूटपासून वाचावा, शेवटच्या वीस ओळी पाहून उठू नये. तंट्याचे मूळ पुष्कळदा बिघाड दिसण्याच्या बऱ्याच आधी लिहिलेले असते.

नोंदणी नाकारली गेली असेल तर

हे सर्वांत सोपे रूप. ड्रायव्हर 'रिक्वेस्ट_आयआरक्यू' या फंक्शनने नोंदणी मागतो आणि त्याला उणे १६, म्हणजे 'व्यग्र' हा एरर मिळतो. लॉगमध्ये 'जेनआयआरक्यू: फ्लॅग्ज मिसमॅच' अशी ओळ येते, तिच्यात आयआरक्यूचा क्रमांक आणि दोन्ही ड्रायव्हरांची नावे असतात, नव्याने आलेल्याचे आधी आणि आधीपासून बसलेल्याचे नंतर. प्रत्येक नावाआधी आठ अंकी हेक्स संख्या असते. ती पाहून कारण तिथेच कळते. ००००००८० हा वाटणीच्या संमतीचा फ्लॅग आहे. एका संख्येत तो असेल आणि दुसरीत नसेल, तर ज्याच्याकडे तो नाही तो ड्रायव्हर लाइन एकट्यासाठी धरून बसला आहे. शेवटच्या अंकातले १, २, ४ आणि ८ हे अनुक्रमे चढती कड, उतरती कड, उच्च पातळी आणि नीच पातळी असे ट्रिगरचे प्रकार. तिथे फरक असेल तर दोघांना लाइनचे स्वरूपच वेगळे वाटते आहे. २००० हा भाग एकाच संख्येत असेल तर एका ड्रायव्हरने थ्रेडमध्ये हाताळणी होईपर्यंत लाइन झाकून ठेवायची मागणी केली आहे, जी दुसऱ्याने केलेली नाही.

कोणता ड्रायव्हर आधी चढतो त्यावर कोण नाकारला जाईल हे ठरते. त्यामुळे एका बूटला साउंड चालत नाही आणि दुसऱ्या बूटला सीरियल कार्ड चालत नाही, असे विचित्र दृश्य दिसू शकते. दोन्ही वेळचे लॉग शेजारी ठेवले की कोडे सुटते.

'नोबडी केअर्ड' हा संदेश

दुसरे रूप अधिक त्रासाचे आहे. लॉगमध्ये 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' अशी ओळ येते, तिच्यातच 'आयआरक्यूपोल' हा पर्याय वापरून बूट करण्याची सूचना असते, मग एक लांब कॉल ट्रेस, मग 'हँडलर्स' या शीर्षकाखाली नावे आणि अखेर 'डिसेबलिंग आयआरक्यू #१६'. याचा अर्थ असा की लाइन ओढलेली होती, कर्नलने सगळ्या हँडलरांना विचारले आणि प्रत्येकाने 'माझे नाही' असे सांगितले. लाइन सोडलीच जात नसल्याने हेच चक्र पुन्हापुन्हा फिरत राहिले. कर्नल दर एक लाख इंटरप्टमागे हिशेब करतो, आणि त्यांतले ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले तर लाइन बंद करतो. तुरळक बेवारस इंटरप्टकडे तो दुर्लक्ष करतो. हा चालू हिशेब '/प्रॉक/आयआरक्यू/१६/स्प्युरियस' या फायलीत पाहता येतो. तिच्यातला 'अनहँडल्ड' आकडा वाढताना दिसला तर लाइन बंद पडण्याआधीच सावध होता येते.

या संदेशातला कॉल ट्रेस पाहून घाबरू नये आणि त्याच्यामागे धावूही नये. इंटरप्ट आला त्या क्षणी प्रोसेसर जे करत होता तेच त्यात छापलेले असते. बहुधा तो निष्क्रिय बसलेला असतो, कधी एखादा ब्राउझर चालत असतो. त्या प्रोग्रामचा दोषाशी संबंध नसतो. कामाची आहे ती खालची हँडलरांची यादी. तिच्यात आहेत ते सगळे लाइन बंद होताच अडकणार, आणि नेमका दोषी त्या यादीत असेलच असे नाही. ज्याचा ड्रायव्हर चढलेलाच नाही अशा उपकरणाने लाइन ओढून धरली असेल, तर त्याचे नाव यादीत येणार कुठून?

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. बूटच्या वेळी फर्मवेअर एखादे उपकरण वापरते आणि त्याचा इंटरप्ट चालू ठेवूनच निघून जाते. कर्नलमध्ये त्या लाइनवर अजून कोणी नोंदलेले नसते, म्हणून लाइन झाकलेली असते आणि काही बिघडत नाही. पुढे शेजारच्या यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच लाइनवर नोंदणी करतो, लाइन उघडते, आणि त्याच क्षणी दुसऱ्याच उपकरणाचा पूर आत शिरतो. काही क्षणांत लाख इंटरप्ट होतात, लाइन बंद होते आणि यूएसबी मरते. तक्रार यूएसबीची होते. कोसळलेल्या कर्नलची नोंद घेण्यासाठी केडम्प दुसरा कर्नल चढवतो तेव्हाही हीच स्थिती असते, कारण मागच्या कर्नलने उपकरणे जशी होती तशी सोडलेली असतात. म्हणून केडम्पच्या बूट पर्यायांत 'आयआरक्यूपोल' बऱ्याचदा आधीपासूनच घातलेला असतो.

लाइन कोणी धरली आहे

इथे हार्डवेअर स्वतःच साक्ष देते, आणि या साक्षीचा उपयोग फार थोडे लोक करतात. पीसीआयच्या २.३ आवृत्तीपासून प्रत्येक उपकरणाच्या स्टेटस रजिस्टरमध्ये एक बिट आहे, जो उपकरणाकडे इंटरप्ट प्रलंबित असेल तर चढलेला राहतो. कमांड रजिस्टरमध्ये दुसरा बिट आहे, जो चढवला की उपकरणाला लाइन ओढता येत नाही. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दोन 'व्ही' देऊन, रूट म्हणून चालवली की 'स्टेटस' ओळीच्या शेवटी 'आयएनटीएक्स' आणि 'कंट्रोल' ओळीच्या शेवटी 'डिसआयएनटीएक्स' दिसते; पुढे अधिक किंवा उणे चिन्ह असते. दोन्ही मिळून वाचायचे. 'आयएनटीएक्स' अधिक आणि 'डिसआयएनटीएक्स' उणे, असे ज्या उपकरणाचे आहे ते त्या क्षणी लाइन ओढून धरून आहे.

कर्नलने लाइन बंद केली तरी उपकरणाची पकड सुटत नाही. म्हणजे 'डिसेबलिंग' हा संदेश आल्यावर घाई न करता, मशीन रीबूट न करता ही आज्ञा चालवता येते आणि पुरावा अजून जागेवर असतो. बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती रीबूट, आणि पुरावा जातो.

संशयित सापडला की त्याच आज्ञेच्या उत्तरात 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते पाहावे. नसेल तर बेवारस उपकरणाचा सिद्धांत पक्का होत आला. खातरजमेसाठी 'सेटपीसीआय' या आज्ञेने त्या उपकरणाच्या कमांड रजिस्टरमधला इंटरप्ट बंद करणारा बिट, म्हणजे हेक्स ०४००, तेवढाच चढवावा. मूल्याबरोबर तोच मास्क द्यावा, म्हणजे बाकीचे बिट जसेच्या तसे राहतील. मग शेजारचा ड्रायव्हर काढून पुन्हा चढवावा. तो आता नीट चालला तर दोषी मिळाला. ही आज्ञा चुकीच्या उपकरणावर चालवली तर डिस्क हातची जाऊ शकते, म्हणून उपकरणाचा पत्ता दोनदा तपासावा आणि चालू सर्व्हरवर हा प्रयोग करू नये.

संशयिताचा ड्रायव्हर चढलेला असेल तर चूक त्या ड्रायव्हरच्या हँडलरमध्ये आहे: हाक आपलीच असून तो ओळखत नाही. अशा वेळी 'एफट्रेस'मधले इंटरप्ट हँडलरच्या प्रवेशाचे आणि निर्गमनाचे ट्रेसपॉइंट चालू करावेत. कोणता हँडलर चालला आणि त्याने 'हँडल्ड' की 'अनहँडल्ड' असे उत्तर दिले, हे ओळीओळीने दिसते. एकेक ड्रायव्हर 'मॉडप्रोब'ने काढून पाहण्याची जुनी पद्धतही चालते, पण तिला वेळ लागतो आणि तिच्यातून निघणारा निष्कर्ष फसवा असू शकतो. ड्रायव्हर निघताना उपकरण गप्प करतो की तसेच सोडतो, यावर निकाल फिरतो.

याच्या उलट प्रकारही असतो. पूर आहे, कोअर पूर्ण अडकला आहे, तरी 'नोबडी केअर्ड' येतच नाही. तेव्हा कोणता तरी हँडलर न तपासताच 'माझेच' असे उत्तर देत आहे, म्हणून कर्नलच्या हिशेबात बेवारस इंटरप्ट शून्य. हा दोष शोधायला अधिक अवघड, कारण कर्नलची सुरक्षाव्यवस्थाच तो आंधळी करून टाकतो.

आणि सगळ्या उपकरणांचे 'आयएनटीएक्स' उणे असूनही लाइन ओढलेलीच असेल तर? मग नजर ब्रिजकडे वळवावी. असमीडियाचा एएसएम१०८३ हा पीसीआय एक्सप्रेस ते पीसीआय ब्रिज याबाबतीत लिनक्स कर्नलच्या विकासकांना चांगलाच ठाऊक आहे. त्याच्यामागच्या कार्डाने लाइन सोडली तरी 'लाइन सोडली' हा संदेश ब्रिजकडून कधीकधी पुढे जात नाही. चिपसेटच्या दृष्टीने लाइन ओढलेलीच राहते, हँडलरांना आपल्या उपकरणांत काहीच सापडत नाही आणि सगळे खरे बोलत असूनही लाइन बंद होते. इथे कोणताही ड्रायव्हर दोषी नसतो. ब्रिजमागचे कार्ड काढणे किंवा वेगळ्या ब्रिजचा मदरबोर्ड घेणे, हाच टिकाऊ उपाय.

हरवलेले इंटरप्ट आणि चुकलेला मार्ग

इंटरप्ट हरवल्याच्या खुणा सौम्य असतात. 'नेटडेव्ह वॉचडॉग' ही नेटवर्कची पाठवणी रांग अडकल्याची तक्रार किंवा डिस्कच्या बाबतीत 'लॉस्ट इंटरप्ट' असा संदेश लॉगमध्ये येतो, काम काही सेकंद थांबते आणि ड्रायव्हर स्वतःला सावरून घेतो. सामायिक लाइन चुकून एज म्हणून मांडली गेली असेल तर हे घडते. पहिल्या उपकरणाने लाइन ओढलेली असताना दुसऱ्यानेही ओढली, तर सिग्नलमध्ये नवी कड उमटतच नाही आणि दुसऱ्याची हाक विरून जाते. '/प्रॉक/इंटरप्ट्स'मध्ये पीसीआय उपकरणांच्या सामायिक ओळीवर 'एज' दिसले तर तेच तपासाचे सूत्र धरावे. अर्थात असेच संदेश सदोष केबलमुळे किंवा फर्मवेअरमुळेही येतात. आकड्यांची साथ असल्याशिवाय इंटरप्टवर ठपका ठेवू नये.

मार्ग चुकण्यामागे बहुधा बायोस असतो. कोणत्या स्लॉटची कोणती पिन कंट्रोलरच्या कोणत्या क्रमांकावर जाते, हे एसीपीआयच्या 'पीआरटी' या तक्त्यात लिहिलेले असते आणि कर्नल त्यावर विश्वास ठेवतो. तक्ता चुकला की कर्नल १७ वर वाट पाहतो आणि उपकरण १९ वर हाक मारते. त्या १९ वर आधीच कोणी बसलेला असेल तर त्याच्यावर बेवारस इंटरप्टचा मारा होतो. म्हणजे एका चुकीतून दोन तक्रारी: एक उपकरण मुके, दुसरे काही वेळाने बंद.

इथे बूट पर्यायांचा उपयोग होतो, पण तो निदानापुरता. 'नोएपिक' दिल्यावर कर्नल आयओ-एपिक सोडून जुन्या ८२५९ च्या पद्धतीवर जातो. त्याने उपकरण चालू झाले तर आयओ-एपिककडे जाणारा मार्ग संशयास्पद ठरतो. 'एसीपीआय=नोआयआरक्यू' दिल्यावर मार्गासाठी एसीपीआय वापरला जात नाही; त्याने फरक पडला तर तक्त्याकडे बोट जाते. 'पीसीआय=नोएमएसआय' एखाद्या उपकरणाचा एमएसआय सदोष आहे का हे पाहण्यापुरता वापरावा, कारण तो सगळ्या उपकरणांना पुन्हा जुन्या लाइनींच्या गर्दीत ढकलतो. 'आयआरक्यूपोल' दिल्यावर बेवारस इंटरप्ट आला की कर्नल इतर लाइनींवरचे हँडलरही चालवून पाहतो आणि टायमरच्या प्रत्येक ठोक्यालाही तेच करतो. मशीन तेवढ्यापुरते उभे राहते, पण गती जाते आणि दोष झाकला जातो. लॉगमधली सूचना वाचून हा पर्याय कायमचा लावून टाकणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

दोष स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये असल्याचे निघाले तर पुढील जागा क्रमाने तपासाव्यात. हँडलर स्टेटस रजिस्टर वाचतो का, आणि फक्त आपलेच बिट पाहतो का? मशीन चालू असतानाच काढलेले किंवा झोपवलेले उपकरण वाचले तर सगळे बिट १ असलेली संख्या मिळते. ती 'सगळेच इंटरप्ट आले आहेत' अशी वाचणारा हँडलर प्रत्येक हाकेला 'माझीच' म्हणतो. ही संख्या वेगळी ओळखून 'आयआरक्यू_नन' परत करावे.

नोंदणीचा क्रम तितकाच महत्त्वाचा. सामायिक लाइनवर नोंदणी होताच हँडलर चालू शकतो, आपल्या उपकरणाने अजून काही मागितले नसले तरी. म्हणून हँडलरला लागणारी सगळी माहिती आधी भरावी आणि नोंदणीपूर्वी उपकरणाचा इंटरप्ट बंद करावा. निघताना उलट क्रम: आधी उपकरण गप्प करावे, मग 'फ्री_आयआरक्यू', मग मेमरी मोकळी. कर्नल 'डीबग_एसएचआयआरक्यू' पर्यायासह बांधला तर तो सामायिक हँडलर मुद्दाम अवेळी चालवतो आणि या क्रमातल्या चुका टेबलावरच उघड्या पडतात. नोंदणीत दिला जाणारा उपकरणाचा ओळख-पॉइंटर सामायिक लाइनवर रिकामा चालत नाही आणि प्रत्येक नोंदणीसाठी तो वेगळा हवा, कारण नोंदणी काढताना ती कोणाची हे कर्नल त्यावरूनच ओळखतो.

इंटरप्ट मिळाल्याची हँडलरने पीसीआयवर लिहिलेली पोच लगेच उपकरणापर्यंत जाईलच असे नाही. वाटेत ती रेंगाळू शकते. हँडलर संपला, लाइन अजून ओढलेली, आणि तोच हँडलर पुन्हा चालून त्याला काहीच सापडत नाही, असे तुरळक बेवारस इंटरप्ट यातून येतात. पोच लिहिल्यावर त्याच उपकरणाचे एखादे रजिस्टर वाचले की लिहिलेले आधी पोचते. आणि उपकरणाला एमएसआय येत असेल तर तो वापरावाच. २०१६ च्या ४.८ आवृत्तीपासून 'पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स' हे एकच फंक्शन एमएसआय-एक्स, एमएसआय आणि जुनी लाइन या उतरत्या क्रमाने जे मिळेल ते देते.

एआरएमसारख्या एम्बेडेड बोर्डांवर मार्ग डिव्हाइस ट्रीमध्ये हाताने लिहिलेला असतो. तिथली नेहमीची चूक म्हणजे ट्रिगरचा प्रकार. उपकरण नीच पातळीने हाक मारणारे असेल आणि नोंदीत उच्च पातळी, म्हणजे ८ च्या जागी ४, लिहिली गेली असेल, तर निवांत असलेली लाइनच कर्नलला सतत हाक वाटते आणि ड्रायव्हर चढताच पूर येतो. चिपची डेटाशीट आणि बोर्डचा आराखडा शेजारी ठेवून ही नोंद पडताळावी. मध्ये सिग्नल उलटवणारा ट्रान्झिस्टर असला तर तोही हिशेबात धरावा.

लिनक्सबाहेर पाहायचे तर, विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून साधनसंपत्तीच्या प्रकारानुसार यादी लावली की आयआरक्यू दिसतात. उणे क्रमांक पाहून बिचकू नये. ती एमएसआय वापरणारी उपकरणे आहेत. पिवळे उद्गारचिन्ह आणि 'कोड १२' असेल तर उपकरणाला पुरेशी मोकळी साधने मिळालेली नाहीत. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये संघर्ष आणि वाटणी यांची यादी एकत्रच असते, त्यामुळे तिथे नाव दिसणे म्हणजे बिघाड असे समजू नये.

उपायाचा क्रम

दोषी नक्की झाल्यावर कमीत कमी हानीचा उपाय आधी करावा. बायोस आणि कर्नल अद्ययावत करावेत, कारण सदोष उपकरणांसाठीच्या दुरुस्त्या कर्नलमध्ये सतत भरल्या जातात. संशयित उपकरणाचा ड्रायव्हर एमएसआयला पाठिंबा देत असून तो बंद असेल तर चालू करून पाहावा. बेवारस उपकरणाची गरज नसेल तर ते बायोसमधूनच बंद करावे. गरज असेल तर त्याचा ड्रायव्हर चढवावा, तो बऱ्याचदा त्याला ताळ्यावर आणतो. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवले तर त्याची पिन वेगळ्या लाइनवर जाते आणि शेजार बदलतो. हा उपाय खरा आहे, मात्र दोष तसाच राहतो आणि नव्या शेजाऱ्याला भोगावा लागू शकतो, हे लक्षात ठेवून तो करावा. व्हर्च्युअल मशीनला सोपवायच्या कार्डात इंटरप्ट बंद करणारा बिट नीट चालत नसेल, तर त्याला लाइन एकट्याचीच लागते. तिथे स्लॉट बदलणे हाच व्यवहार्य मार्ग असतो.

ड्रायव्हरचा किंवा बायोसचा दोष निघाला तर तो कळवायला हवा. तक्रारीसोबत बूटपासूनचा पूर्ण लॉग, लाइन बंद होण्याआधीची आणि नंतरची '/प्रॉक/इंटरप्ट्स', लाइन बंद असतानाच घेतलेले दोन 'व्ही'चे 'एलएसपीसीआय' आणि मदरबोर्डचे नाव व बायोसची आवृत्ती जोडावी. यांतली तिसरी गोष्ट रीबूटनंतर पुन्हा मिळत नाही, म्हणून ती सर्वांत आधी फायलीत साठवून ठेवावी.